अर्धं पाणी, अर्धं मिथेनॉल

डोंबिवली,
८ फेब्रुवारी १९८७

वन्संच्या पायांवर मंजुळा डोकं ठेवते.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहून पत्र मिटता आलं असतं. पण मला भीती वाटते, आणि ती कोणाजवळ बोलल्याशिवाय जपाला मन लागत नाही. म्हणून अख्खं आंतर्देशीय घेतलं, कार्डावर भागलं नसतं.

तुमची गोदा ठाण्याला कॉलेजात जाते-येते, वेळेवर जेवते, उलट बोलत नाही. काळजी तिची नाही, ती हाताळते त्या बाटल्यांची आहे. मागच्या आठवड्यात तिच्या ओढणीला स्पिरिटसारखा वास आला. विचारलं तर म्हणाली, मिथेनॉल आहे, मामी. ह्यांनी पेपरात वाचलेलं होतं, की खराब दारूतून हेच पोटात गेलं की माणूस आंधळा होतो. तेव्हापासून ती दारात आली की मी बोटं वर करून विचारते, किती? ती चपला काढता काढता म्हणते, "तीन. आणि चौथ्याला पीठ लागलंय." तिला हसू येतं, मला येत नाही.

ह्या सोमवारी उपास सोडताना तिला समोर बसवलं आणि म्हटलं, तू करतेस तरी काय ते मला कळू दे. तिने ताटातच समजावलं. ही वाटी म्हणजे एक धातू, ही दुसरी म्हणजे दुसरा धातू. दोघांभोवती दुसऱ्या रेणूंचा वेढा. एका धातूकडचा इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचा अगदी बारीक कण, दुसऱ्याकडे जातो. गेला की पाण्याचा रंग उतरतो. किती वेगाने उतरतो ते यंत्रावर मोजायचं. मी म्हटलं, एवढ्याला इतकी वर्षं? तर म्हणाली, "तो सहज जात नाही गं. भोवतीच्या पाण्याने आधी सरकून वाट करून द्यावी लागते, मग तो उडी मारतो. नुसत्या पाण्यात एक वेग. मिथेनॉल मिसळलं की दुसरा. आणि अर्धं-अर्धं मिसळलं म्हणून वेग बरोब्बर मधला येतो असंही नाही. कोणी धातू आपल्याजवळ पाणीच ओढून घेतो आणि मिथेनॉलला लांब बसवतो."

हे मला पटलं. हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर कशाही बसवल्या तरी घटकाभरात आपापल्या ओळखीच्या बाईशेजारी सरकतातच.

पण वन्सं, विजेचा कण आणि आंधळं करणारं पाणी एकाच नळीत, आणि ती नळी आपल्या पोरीच्या हातात. मी देवघरातल्या दत्ताला सांगून ठेवलंय. तुम्हीही तिला दोन शब्द लिहा. माझं ती ऐकून घेते, पण ऐकत नाही.

तुमची
मंजुळा

•

गुहागर,
१७ फेब्रुवारी १९८७

मंजुळा, तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद पोचोत.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले आणि मग हसले. अगं, आमची आई विहिरीवर जायची तेव्हाही तू काठावर उभी राहून जप करायचीस. पोर शिकलेली आहे, नळी तोंडाला लावणार नाही.

खरी भीती मला दुसरी आहे. ह्यांचं म्हणणं, अण्णांचं गं, पक्कं झालंय. शिष्यवृत्ती जूनपर्यंत आहे, तर जूनपर्यंत काय ती डॉक्टरकी पुरी व्हायला हवी. पुढे एक दिवस नाही. चिपळूणचं स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे, त्यांनी डॉक्टर सून म्हणून होकार दिलाय. डॉक्टर म्हणजे औषधाची नव्हे हे त्यांना समजावण्यात अण्णांचे दोन दिवस गेले. आता माघार घेतली तर माझी मान खाली, असं ते मला रोज बजावतात. त्यांच्यापुढे माझं तोंड कधी उघडलंय, जे आता उघडेल.

तेव्हा तू बोटं मोजण्यापेक्षा तिचं काम वेळेत होतंय ना ते बघ. आणि मला काही लपवायचं नाही. चांगलं-वाईट जे असेल ते लिही.

तुझी
तुळसावन्सं

•

डोंबिवली,
१२ मार्च १९८७

वन्संना नमस्कार, आणि आज पेढा कल्पनेतच खा.

गोदाचं नशीब उघडलं. तिच्या आलेखात असं काही आलंय जे सरांनी आजवर पाहिलं नव्हतं. मिथेनॉल वाढवत नेलं की वेग हळूहळू कमी व्हायला हवा, रेघ उतरत जायला हवी. हिची रेघ उतरते, उतरते आणि अर्ध्या-अर्ध्याच्या जरा पुढे एकदम उसळी मारते. सरांना आधी वाटलं चूक असेल. परत करून बघितलं, परत उसळी. आता सर म्हणतात ह्यावर मोठा लेख होईल. तो परदेशी मासिकाला पाठवलासुद्धा, आणि त्यात गोदाचं नाव सरांच्या आधी घातलंय. तिच्याबरोबर तिथे उत्तम म्हणून एक मुलगा काम करतो, तो म्हणाला, "गोदा, तुझ्या नळ्यांना कोणाचा हात लागलाय गं?" हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, दत्ताचा.

आणि थोडा माझाही. सांगते. कॉलेजात पाण्याची ओरड आहे, वरच्या मजल्यावर चढतच नाही. म्हणून ती काचेच्या नळ्या माझ्या जुन्या पातळात गुंडाळून, डब्यात घालून घरी आणते. म्हणाली, मामी, साबण लाव आणि नळाच्या पाण्याखाली धर, शेवटचं पाणी मी तिथे देईन. पण साबणाचा बुळबुळीतपणा काचेला राहतो हे मला दिसतं, आणि वडी किती झिजते तेही दिसतं. तेव्हा ती झोपली की मी देवाची उपकरणी करते तशाच नळ्या करते. चिंच लावून, तांब्याच्या घंगाळात, कालच्या भरलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायच्या. तांब्यातलं पाणी म्हणजे शुद्ध. सकाळी अशा लखलखतात की उचलताना नमस्कार करावासा वाटतो. ती विचारत नाही, मी सांगत नाही. शास्त्र काही मला कळत नाही, पण सेवा तर घडते.

लिहिता लिहिता भीती वाटली, दृष्ट लागेल. म्हणून इथेच थांबते.

तुमची
मंजुळा

•

गुहागर,
२२ मार्च १९८७

मंजुळा, तुझ्या हातांना माझा आशीर्वाद.

पत्र अण्णांना वाचून दाखवलं. तुझ्या घंगाळाचा भाग ऐकून म्हणाले, "सून असावी तर अशी." एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलेलं नाही. देवळात नारळ दिला. चिपळूणलाही कळवून टाकलं, की लेख परदेशी गेला. ते लोक खूश. साखरपुडा जूनअखेर, म्हणजे काम पुरं झालं की लगेच.

गोदाला मी अजून विचारलेलं नाही. तू हळूच विषय काढ. आणि नळ्या अशाच धूत जा.

तुळसावन्सं

•

(पोस्टकार्ड)

डोंबिवली,
१४ एप्रिल १९८७

वन्सं, नमस्कार.

कार्डावर लिहिते, वेळ कमी आहे. सगळे बरे. गोदा बरी, जरा कमी जेवते, उन्हाळा आहे. स्थळाचा विषय अजून काढला नाही. नळ्या हल्ली ती घरी आणत नाही, कॉलेजात पाणी आलंय. हवा फार तापलीय. बाकी क्षेम.

मंजुळा

•

गुहागर,
१९ एप्रिल १९८७

मंजुळा,

तू कार्ड लिहिलंस. लग्न होऊन आल्यापासून तू मला कार्ड लिहिलेलं नाहीस. कार्ड पोस्टमन वाचतो म्हणून त्यावर काही नसतं, हे तूच मला शिकवलंस. माझ्या गुडघ्याचंही विचारलं नाहीस. हवा तापली म्हणून कोणी हवा कळवतं का?

काय झालंय ते लिही. गोदाचंही महिन्यात पत्र नाही. मला इथे बसून जे दिसतं ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. तू पोरगी माझ्या पदरातून घेऊन गेलीस तेव्हा शब्द दिला होतास.

अण्णांना यातलं काही बोललेले नाही.

तुळसावन्सं

•

डोंबिवली,
२३ एप्रिल १९८७

वन्सं,

सगळं लिहिते. बसून वाचा, उभ्याने नको.

कॉलेजात पाणी आलं, तेव्हा उत्तमने सरांच्या सांगण्यावरून गोदाचंच काम पहिल्यापासून करून बघितलं. लेख पाठवला की दुसऱ्या हाताने एकदा करून बघतात म्हणे. त्याची रेघ सरळ उतरली. उसळी नाही. सरांनी गोदाला समोर उभं करून करायला लावलं. तिचीही सरळ. पुन्हा लावलं, पुन्हा सरळ. मग सरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, आकडे तू मनाने लिहिलेस. तू माझं नाव घालवलंस. अकरा मेला विभागातल्या सगळ्यांसमोर उभं राहून खुलासा द्यायचा. नाही देता आला तर लिहून द्यायचं की आकडे खोटे होते, आणि कॉलेजातून नाव कमी करायचं.

हे मला तिने सांगितलं नाही, वन्सं. मला कळलं ते असं. आवडाबाई कोळीण ठाण्याहून मासळी घेऊन येते, गोदाला ती चांगली ओळखते. सोमवार असल्याने मी दारातूनच नको म्हटलं, तर टोपली खाली ठेवून म्हणाली, "मासळी नको घेव. पन तुजी पोर मना कलव्याचे पुलाव दिसली गो. काल पन, परवा पन. खारीत बगत हुबी. मी हाक मारली त वळली पन नाय." कळव्याचा तो पूल खाडीवरचा, वन्सं.

त्या दिवशी गोदा आली तेव्हा मी बोटं वर केली नाहीत. मला भीती वाटली की ती उत्तर देणार नाही. घासलेट माळ्यावर टाकलं, फिनेल शेजारी हौसाबाईंकडे नेऊन दिलं, ढेकूण झालेत असं काहीतरी सांगितलं. ती आंघोळीला गेली की मी बाहेर उभी राहते आणि तांब्याचा आवाज ऐकते. आवाज थांबला की हाक मारते. "मामी, अगं साबण लावतेय." असं म्हणते, पण कंटाळून नाही म्हणत. तिला कळलंय मी का उभी असते. तेच मला जास्त भयंकर वाटतं.

काल मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "मामी, त्या नळ्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. रंग झरझर उतरत होता. आता तीच मी, तेच पाणी, तेच मिथेनॉल, आणि उतरत नाही. मग तेव्हा मी काय बघितलं? मला असं काही दिसतं का, जे नसतं?"

सरांनी तिला खोटं म्हटलं ते एक. पण तिचा स्वतःवरचा भरवसा उडालाय, वन्सं. रात्री भिंतीकडे बघत असते. मला वाटतं तिच्या डोक्यावर परिणाम होईल, किंवा ती त्याच्या आधीच काहीतरी करेल. मी तिच्या उशाशी झोपते. हे म्हणतात डॉक्टरला दाखव, पण दाखवलं की बोभाटा होणार, आणि चिपळूणला कळणार.

अण्णांना सांगायचं का? तिची झोप मोडू नये म्हणून दिवा बारीक करून लिहितेय. अक्षर लागत नसेल तर माफ करा.

मंजुळा

•

ठाणे,
२५ एप्रिल १९८७

आई,

हे पत्र मी प्रयोगशाळेत बसून लिहितेय. मामीच्या पत्रानंतर तू झोपली नसशील. ती तुला लिहीत होती तेव्हा मी जागी होते, आणि तिची पाठ हलत होती.

आधी हे वाच. मी वेडी नाही. मी खोटंही लिहिलेलं नाही. उसळी खरी होती.

काल पहाटे पाणी प्यायला उठले. मामी देवाची भांडी घासत बसली होती, घंगाळात चिंच कोळलेली. त्या पाण्याला हिरवट-निळी झाक होती. शेजारी माझी एक जुनी नळी होती, घरात राहून गेलेली. मामी म्हणाली, "ही राहिली होती गं, तुझ्या बाकीच्यांसारखी हिलाही रात्रभर ठेवली." मी विचारलं, बाकीच्या म्हणजे? तर म्हणाली, "सगळ्या. पहिल्यापासून."

आई, चिंचेच्या आंबटाने तांबं थोडं थोडं विरघळतं. ते काचेला चिकटून राहिलं असणार. कॉलेजात शुद्ध केलेलं पाणी इतकं थोडं होतं की मी एकेका नळीला घोटभरच द्यायचे. आणि आमच्या या देण्याघेण्यात तांब्याचा जराही अंश आला तर तो मध्यस्थी करतो. एकाकडून इलेक्ट्रॉन घेतो, दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, परत घ्यायला तयार. पाणी भरपूर असतं तेव्हा त्याचं फारसं चालत नाही. मिथेनॉल वाढलं की मूळचा वेग मंदावतो आणि त्याचं फावतं. म्हणून रेघ तिथेच उसळली. आज इथे स्वच्छ नळीत घंगाळातल्या पाण्याचा एक थेंब टाकून बघितला. रंग झरझर उतरला. मी खाली बसले आणि रडले. उत्तमने विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं म्हटलं. तो म्हणाला, "मिथेनॉल नाही ना?" बरं वाटलं.

पण याचा अर्थ असा, की शोध वगैरे काही नाही. घाण नळ्या. माझं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा करावं लागेल, एक वर्ष तरी. जूनमध्ये काही पुरं होत नाही. अण्णांना काय सांगायचं ते मला सुचत नाही, आणि चिपळूणच्या लोकांविषयी मला हौसामावशीकडून कळलं. तू का लिहिलं नाहीस?

अकरा तारखेला मी सगळ्यांसमोर हे सांगेन. नळ्या मी धुतल्या असं सांगेन. मामीचं नाव घेणार नाही. ती सकाळी नळ्यांना नमस्कार करायची, हे मला आता कळतंय. तिला हे कळलं तर ती अन्न सोडेल. तू तिला सांगू नकोस. माझी शपथ.

गोदा

•

गुहागर,
२ मे १९८७

मंजुळा,

तुझं पत्र आल्यावर लगेच लिहायला हात उठला नाही. पहिला दिवस नुसती पायरीवर बसले. अण्णा म्हणाले काय झालं, मी म्हटलं गुडघा.

गोदाचंही पत्र आलं. तिने काय लिहिलं ते मी तुला सांगू शकत नाही, तिने शपथ घातलीय. एवढं ऐक, की तिचं डोकं ठिकाणावर आहे. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. फिनेल परत आणलंस तरी चालेल.

लहानपणी तिच्या हातून बरणी फुटली तर ती तुकडे घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहायची. मी मारीन हे माहीत असून. ती खोटं बोलू शकत नाही, आणि मला आता नेमकी तीच भीती आहे. का ते विचारू नकोस.

अकरा तारखेला तू तिच्याबरोबर ठाण्याला जा. ती नको म्हणेल, तरी जा. दाराबाहेर बसून राहा, पण जा. मला तो पूल डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि तू मनाला काही लावून घेऊ नकोस. हे आत्ता तुला कळणार नाही. नंतर कळलं तर आठव, की तुझ्या सेवेचं कौतुक मीही केलं होतं, आणि अशाच धूत जा असं मीच लिहिलं होतं.

तुळसावन्सं

•

डोंबिवली,
१३ मे १९८७

वन्सं,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवरचं अक्षर गेलं. शेवटच्या ओळी मला कळल्या नव्हत्या. परवा कळल्या.

गोदा नको नको म्हणत होती. मी म्हटलं, मला ठाण्याला कोपिनेश्वराला जायचंय. "अकरा तारखेलाच?" "सोमवार आहे." कॉलेजच्या दारात म्हणाली, "मामी, देऊळ त्या बाजूला आहे." मी म्हटलं, दर्शन नंतर, आधी जरा टेकते. आणि तिच्या मागोमाग जिना चढले. वरच्या मजल्यावर एका खोलीत तिला नेलं, मी बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं. आत सर, आणखी कोण कोण मोठी माणसं, आणि कोपऱ्यात तो उत्तम. गोदा फळ्याजवळ उभी. तिने रेघ काढली, उतरती, आणि वर जाणारी. तिचा आवाज आधी कापत होता, मग स्थिर झाला. तांब्याचा अंश, असं ती म्हणाली, तेव्हा मी जप करत होते. घंगाळ, असं म्हणाली तेव्हा जप थांबला.

वन्सं, मला विज्ञान कळत नाही, पण घंगाळ कळतं.

तिच्यामागे पूल उभा केला तो मी. तिला वेड लागलंय की काय असं वाटायला लावलं ते मी. उठून जिना उतरावा, देवळात जाऊन बसावं आणि कोणाला तोंड दाखवू नये असं वाटलं. उठलेही. तेवढ्यात आतून सर म्हणाले, "नळ्या घरी कोणी धुतल्या?"

"मी, सर."

"तांब्याच्या भांड्यात? चिंच लावून?"

"हो."

"रोज?"

"हो, सर."

सरांनी फळ्यावरच्या रेघेकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, आणि ओरडले असते तर मला कमी भीती वाटली असती. "म्हणजे रसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी स्वतःच्या हाताने काचेची नळी आंबट घालून तांब्यात बुडवते, रोज, महिनाभर, आणि तिला तांब्याची आठवण येते नाव कमी व्हायच्या वेळी. गोदा, पहिली गोष्ट मी मानली होती. ही दुसरी गोष्ट मी का मानावी?"

गोदाने खडू खाली ठेवला. बोलणार काय? तिला साधं हेही माहीत नव्हतं की चिंच किती घालते मी, आणि बुडवते कधी. आणखी एक प्रश्न विचारला असता तर ती उघडी पडली असती. ती खोटं बोलत होती, वन्सं, पहिल्यांदाच, आणि तिला ते येत नव्हतं. आणि ते पकडलं गेलं की त्या माणसांनी तिचं खरंही उचलून फेकलं असतं.

मी दार ढकललं. म्हटलं, "नळ्या मी धुतल्या."

सगळे वळले. सर म्हणाले, "आपण?"

"तिची मामी. तिला माहीत नव्हतं. तिने साबण सांगितला होता. ती झोपल्यावर मी घंगाळात घालत होते."

गोदा म्हणाली, "मामी, तू जा इथून." मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर रडू फुटलं असतं. सरांकडेच बघत राहिले. ते म्हणाले, "पण तांब्यात का?"

"देवाची उपकरणी तशीच करते. तांब्यातलं शुद्ध असतं."

एक कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, उत्तमने खुर्ची दिली, मी बसले नाही. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. चिंच जुनी की नवी, पाणी कधीचं भरलेलं, घंगाळाला कल्हई आहे का, नळ्या वाळवायच्या कशावर. कोर्टात विचारतात तसं. मला जे माहीत होतं ते सांगत गेले. एकदा चुकीचं सांगितलं, लगेच दुरुस्त केलं, तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "आता मला पटतंय."

मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तेही घाबरलेले होते, वन्सं, मला पाठीवरून कळलं. परदेशी लेख गेला होता तो त्यांच्याही नावाने. वळून म्हणाले, "लेख मी मागे घेतो. कारण लिहून." मग गोदाला म्हणाले, "तू खोटे आकडे लिहिले नाहीस. लिहिलेस असं मी दार लावून म्हणालो होतो, सगळ्यांसमोर परत घेतो. पण यातला एकही आकडा वापरता येणार नाही. पहिल्यापासून सगळं. शिष्यवृत्ती जूनला संपते, पुढचं माझ्या हातात नाही. करशील?"

"करीन, सर."

बाहेर आल्यावर गोदा स्टँडवर येईपर्यंत पुढे पुढे चालत होती. मग थांबली. "कशाला आलीस आत? मी सांभाळलं असतं."

"सांभाळत नव्हतीस."

"तुला कोणी हसलेलं मला आवडलं नाही."

"मला तुला कोणी खोटं म्हटलेलं आवडलं नाही."

मग तिने माझ्या खांद्याला डोकं लावलं, भर स्टँडवर. मी म्हटलं, रागाव तरी माझ्यावर. तर म्हणाली, "रागावलेच होते. शुक्रवारपर्यंत. मग कंटाळा आला."

देवळात गेलो. काय मागायचं ते मला सुचेना.

आता माझी भीती सांगते. गोदा कालपासून पोटभर जेवते, झोपते. पुलाची भीती गेली. पण जूनची आहे तशीच आहे. अण्णांना काही माहीत नाही. ते साखरपुड्याची तयारी करत असतील. तिला आत्ता उचलून नेलं, तर हे सगळं ती ज्यासाठी उभी राहिली ते इथेच राहील, आणि लोक म्हणतील काहीतरी होतं म्हणूनच सोडलं. मी तिचा खर्च घरातून भागवीन, ह्यांनी मान डोलावलीय. पण अण्णांसमोर बोलणं माझ्या हातात नाही. तिच्याही नाही. तुमच्याच आहे, आणि तुम्ही त्यांच्यासमोर कधी बोलला नाहीत, हे मला माहीत आहे.

मला क्षमा करा म्हणून लिहिणार होते. तुम्ही आधीच केलीत, म्हणून लिहीत नाही.

मंजुळा

•

गुहागर,
१९ मे १९८७

मंजुळा,

तुझं पत्र स्वयंपाकघरात, दाराला कडी लावून वाचलं. तू दार ढकललंस ती ओळ मी दोनदा वाचली. तू, जी विहिरीच्या काठावरून मागे सरायचीस.

गोदा वर्षभर तिथेच राहील. काम पुरं करील. चिपळूणवाल्यांना थांबायचं तर थांबावं, नाहीतर त्यांनी दुसरी डॉक्टरीण बघावी. हे मी ठरवलंय. इथे कागदावर लिहायला सोपं आहे, अण्णा ओटीवर बसलेत आणि सुपारी कातरल्याचा आवाज येतोय. त्यांना अजून काहीही माहीत नाही. परदेशी गेलेला लेख मागे घेतला, हेसुद्धा नाही. ते काय करतील मला ठाऊक नाही. पत्र फाडतील, स्वतः डोंबिवलीला येऊन पोरीला घेऊन जातील, किंवा माझ्याशी बोलणं टाकतील. सगळ्याचीच मला भीती वाटते.

तरी हे पाकीट मी आत्ताच चिकटवतेय, म्हणजे त्यात काही बदलता येणार नाही. आणि त्यांना सांगितल्याशिवाय ते पेटीत टाकणार नाही. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं, तर समज, मी सांगितलं.

तुळसा